एसटीची पहिली पायरी

माझ्या स्कूटीच्या मागच्या सीटवर वर्षभर एक बिनहाताची खुर्ची बांधलेली असायची. भोर आणि वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर मला नावाने कुणी ओळखत नव्हतं. मी फाट्यावरून आत वळले की बाया एकमेकींना हाळी द्यायच्या, "अगं ए, खुर्चीवाली आली!" पानशेतकडच्या एका वस्तीवर तर मी खुर्च्या विकते असाच समज झाला होता. तिथल्या एका बाईने माझी खुर्ची उलटीपालटी करून पाहिली, पाय हलवून पाहिले आणि विचारलं, "हात तुटल्यालीच विकतीस व्हय?"

खुर्ची विकायची नव्हती. तिच्यावर म्हाताऱ्या माणसाला बसवायचं, हातांची छातीवर घडी घालायला लावायची आणि कशालाही न धरता पाच वेळा उठायला सांगायचं, हे माझं काम. पुण्यातल्या एका संस्थेने अभ्यास काढला होता. वय झालं की अंगातले स्नायू कसे झिजतात, माणूस कशाने दुबळं होतं आणि ही झीज घरच्या घरी कशी रोखता येईल, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी साठीच्या पुढच्या माणसांची मोजमापं घ्यायला आसपासच्या गावांतली माणसं हवी होती. मी आधी कैक वर्षं अंगणवाडीत काढली होती, म्हणजे पोरांची वजनं घेण्यात हात बसलेला. मुलाखतीला मी ठणकावून सांगितलं, "पोरांना मोजलं, आता त्यांच्या आज्यांना मोजते." मुलाखत घेणाऱ्या बाई हसल्या आणि मला घेतलं.

काम मजेचं होतं. खुर्चीवर पाच वेळा उठायचं म्हटलं की प्रत्येक गावात एक तरी म्हातारा म्हणायचाच, "शाळंत मास्तरनं उठाबशा काढायला लावल्या त्या कमी पडल्या व्हय?" पंजाची पकड मोजायचं एक यंत्र होतं. ते मुठीत धरून जोर लावला की काटा फिरायचा. एका जुन्या पैलवानाने ते पाहून आधी तळहाताला माती लावली, यंत्राला नमस्कार केला आणि मग असा काही जोर लावला की त्याची बायको ओरडली, "मोडाल वो! बाईंचं हाय त्ये!" चालण्याचा वेग मोजायला मी जमिनीवर खडूने दोन रेघा मारायची. इथून तिथपर्यंत नेहमीसारखं चाला, एवढंच सांगायचं. भोरजवळच्या एका आजोबांनी दुसरी रेघ ओलांडली आणि ते तसेच चालत राहिले. मी मागून हाका मारतेय, आणि आजोबा दुकानातून तंबाखू घेऊन दहा मिनिटांनी परत. "तूच म्हणलीस नेहमीवानी चाला. म्या नेहमी तिथवरच जातो." पिंढरीचा घेर मोजायचा म्हटलं की आज्या लुगडं घोट्यापर्यंत खाली ओढायच्या आणि आधी दार लावून घ्यायला सांगायच्या.

एकदा मात्र मला चांगलंच बनवलं. वेल्ह्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीतली एक वस्ती. तिथल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्या नापास! एकही खुर्चीवरून उठेना. पकड मोजायला यंत्र दिलं तर हातातून गळून पडतंय. एक आजी तर चार पावलं चालताना दोनदा बसली. मी हादरले. मनात म्हटलं, या वस्तीचं काहीतरी मोठं दुखणं आहे, पुण्याला आजच कळवलं पाहिजे. कागद आवरून खुर्ची बांधत होते तेवढ्यात त्याच आजीच्या शेळीने कुणाच्या तरी वाफ्यात तोंड घातलं. आजीने काठी टाकली, लुगड्याचा ओचा खोचला आणि बांधावरून उडी मारून शेळीचा कान धरून तिला फरफटत आणलं. माझ्याकडे लक्ष गेलं तशी कमरेवर हात ठेवून कण्हायला लागली. नंतर कळलं, दुबळ्यांना पेन्शन चालू होणार अशी आवई माझ्या आधी वस्तीत पोचली होती. मी भडकले. सगळ्यांना देवळापुढे गोळा केलं आणि म्हटलं, "एक पैसा कुणाला मिळणार न्हाई. आता खरं खरं उठा." मला वाटलं हाकलून देतील. पण सगळ्या एकमेकींकडे बघून अशा हसल्या की मलाही हसू आवरेना. मग रांग लावून सगळ्यांनी पुन्हा मोजमापं दिली, आणि वर नाचणीची भाकरी खाऊ घातली.

प्रशिक्षणात डॉक्टर मॅडमनी शिकवलेलं मी गावोगाव पोपटासारखं सांगत फिरायची. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू उतरायला लागतात. माणूस बसून राहिलं की आणखी वेगाने उतरतात. आजारात आठ दिवस अंथरुणावर काढले तर गेलेलं परत मिळवायला महिने लागतात. जोराचं काम हवं, ताटात डाळ, दूध, अंडं, जे चालत असेल ते हवं, आणि म्हातारपणीही अंग पुन्हा ताकद धरतं. हे शेवटचं वाक्य सांगताना मला फार आवडायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी. कारण घरी भोंगवलीला माझ्या सासूबाई पडवीत हातांच्या खुर्चीवर दिवसभर बसून असायच्या, आणि त्यांना बसवली होती मीच.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई सत्त्याहत्तरच्या. तीन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचे सगळे सांधे धरले, महिनाभर त्या उठल्या नाहीत. तेव्हा मी त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. पाणी मी भरायचं, भाकरी मी थापायच्या, अंथरूण मी घालायचं, आंघोळीचं पाणी काढून द्यायचं, ताट जागेवर न्यायचं. ताप गेला तरी काम काही मी परत दिलं नाही. नणंदेने हातांची खुर्ची आणून दिली, ह्यांनी उंच पलंग करून घेतला. आणि आमच्या भागात चांगली सून कोणती, हे ठरवायची एकच पद्धत आहे: जिच्या सासूच्या हातात भांडं दिसत नाही ती. हळदीकुंकवाला बाया म्हणायच्या, "हिच्या सासूच्या नखाला माती लागत न्हाई." खोटं कशाला बोलू, मी फुगायची. घरी येऊन आत्याबाईंच्या हातातला झाडू पुन्हा काढून घ्यायची.

त्यात त्यांचं सगळ्यात मोठं सुख हरवत चाललं होतं, ते मला दिसत होतं आणि मी बघत नव्हते. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आक्का, वेल्ह्याच्या पुढे एका वस्तीवर राहते. आमच्याकडे ज्वारी आणि घेवडा, तिच्याकडे भात. आत्याबाईंचं लग्न झालं तेव्हापासून दोघी बहिणींचा एक नेम होता. दिवाळीनंतर भाताची झोडणी झाली की आत्याबाई घेवड्याचं गाठोडं घेऊन जायच्या, आणि त्या गेल्यावरच आक्का नव्या तांदळाचा पहिला भात शिजवायची. धाकटी आल्याशिवाय नवा तांदूळ चुलीवर चढत नसे. सारोळ्याला एसटी धरायची, चेलाडीच्या फाट्यावर उतरून वेल्ह्याची गाडी, आणि गाडीतून उतरल्यावर अर्धा तास बांधाने आणि चढाने चालत. त्या वाटेवर जीप जात नाही. आक्काला गाडी लागते, ती डोंगर सोडून खाली येत नाही. म्हणजे भेट व्हायची ती आत्याबाईंच्या पायांवरच.

मी हे काम धरायच्या आधीच्या दिवाळीत त्या नेहमीसारख्या निघाल्या. आमचे हे सारोळ्यापर्यंत सोडायला गेले. गाडी थांबली, आत्याबाईंनी दांडा धरला, पाय पायरीवर ठेवला आणि तो पाय काही त्यांना वर नेईना. मागे माणसं खोळंबली. "चला आजी, चला," सुरू झालं. शेवटी वरून कंडक्टरने दोन्ही दंड ओढले, खालून ह्यांनी कंबर उचलली आणि त्यांना आत घातलं. लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलं, सगळ्या गाडीने पाहिलं. कापूरहोळला त्या उतरल्या आणि घरी फोन लावायला लावला. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "मला पोत्यावानी चढावली." सरकारने पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट केली, पण पायरी आहे तिथेच आहे! त्या वर्षी आक्काने संक्रांतीपर्यंत नवा तांदूळ शिजवला नाही, जुनाच खात राहिली. फोनवर आत्याबाई तिला सांगायच्या, "पुढल्या साली येते गं." फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

मग मला हे काम मिळालं. सरावासाठी पहिली खुर्ची मी घरातच मांडली. आत्याबाईंना बसवलं, घडी घालायला लावली. "उठा."

त्या पुढे वाकल्या. पुन्हा वाकल्या. पाय थरथरले आणि त्या जागच्या जागी मागे टेकल्या. मला राग आला. कशाचा ते तेव्हा कळलं नाही. मी ओरडलेच, "अवो, जोर लावा की!"

आत्याबाई माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाल्या, "जोर कुठनं आणू? तीन वरसं तू वापरूच दिला न्हाईस, बाय."

मी कागदावर शून्य लिहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी काम भोर शहरात होतं. एका गल्लीत एक निवृत्त शिंपी, ऐंशीला टेकलेले. गल्लीतली सगळी मुलं-मोठी त्यांना चाचा म्हणत. खुर्चीवरून ते पाच वेळा इतके पटकन उठले की माझं घड्याळ नीट चालू झालं का, अशी शंका आली. पुन्हा करायला लावलं, तेच. मी विचारलं, "चाचा, व्यायाम करता?" ते हसले. "दिसातनं पाच वक्त नमाज. खाली बसायचं, उठायचं. पोरांनी खुर्ची आणली हुती, म्हणली, आब्बा, बसून करा. म्या म्हणलं, खुर्ची मशीन ठेवायला घ्या. गुडघं बोलत्यात, पण म्या त्यांना बोलू देतो."

घरी येताना सारोळ्याच्या नीरेच्या पुलाजवळ स्कूटी बाजूला घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. आमच्या आत्याबाई जन्मभर खाली बसल्या होत्या. जात्यावर, चुलीपुढे, निवडण-टिपण करताना, जेवताना. दिवसातून शंभर वेळा तरी उठत असतील. आणि आम्ही प्रेमाने त्यांना खुर्ची दिली, पलंग दिला, हातातलं सगळं घेतलं. सगळी माया करूनच आम्ही त्यांचे पाय काढून घेतले होते. मला रडू आलं आणि लगेच भूकही लागली, तिथेच गाड्यावर भजी खाल्ली.

संध्याकाळी डॉक्टर मॅडमना फोन केला. त्यांनी आधी तपासणी करून घ्यायला सांगितली; बीपी, हृदय, डोळे. मग थोडं थोडं वाढवा, आधाराला दांडा ठेवा, जवळ माणूस असू द्या, दुखलं तर थांबा. मी विचारलं, "मॅडम, तुमच्या कागदावर घरातली कामं कोण करतं, असा प्रश्न का न्हाई? आणि उपास किती, असा पण न्हाई." त्यांनी दोन्ही प्रश्न लिहून घेतले. पुढच्या महिन्यात नवे कागद आले तेव्हा त्यात दोन नवे प्रश्न छापलेले होते. तो कागद मी ह्यांना चारदा दाखवला. पाचव्यांदा दाखवायला गेले तर म्हणाले, "आता चौकट करून भिंतीला लाव."

उपासाचा प्रश्न मी उगीच काढला नव्हता. आत्याबाईंचे सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादश्या. आठवड्यातले निम्मे दिवस चहा आणि साबुदाणा. उरलेल्या दिवशी भाकरी चहात बुडवून. डाळ "पचत न्हाई", अंडं "आज वार हाय". उपास सोडा म्हणून सांगायची माझी छाती नव्हती. मी म्हटलं, "उपासाला शेंगदाणं चालत्यात का?" "चालत्यात की." "दही?" "चालतं." "दूध?" त्यांनी डोळे बारीक केले. "तू मला गुंडाळतीयास." पण त्या दिवसापासून उपासाला शेंगदाण्याची आमटी, वाटीभर दही, रात्री दूध. बिनवाराच्या दिवशी अंड्याची पोळी त्या स्वतःच मागायला लागल्या, तेही "पोरांसाठी करतीयास तर माझ्यासाठीबी कर" अशा थाटात. पोरं तर केव्हाच शिकायला बाहेर गेलेली.

पायरीसाठी मी सारोळ्याच्या थांब्यावर गेले आणि अभ्यासातल्याच टेपने एसटीची पहिली पायरी जमिनीपासून मोजली. कंडक्टर वाकून म्हणाला, "बाई, गाडीला झबलं शिवताय का?" मी म्हटलं, "सासूबाईंना शिकवायचीय चढायला." त्याने ड्रायव्हरला अर्धं मिनिट थांबायला सांगितलं. ह्यांनी मग पडवीच्या बाजूला विटा रचून ओटा केला आणि खांबाला लोखंडी पाइप उभा बसवला. सुरुवातीला एकच वीट. आत्याबाई उजवा पाय ठेवून वर, डावा ठेवून वर, सकाळी दहा, संध्याकाळी दहा. सोपं वाटायला लागलं की एक वीट वाढायची. त्या ओट्याला घरात एसटीच म्हणायला लागलो. त्या दांडा धरायच्या आणि आमचे हे, गावात तोंड उघडायला पैसे पडतात असे अबोल, पडवीतून "टिंग टिंग" करायचे. आत्याबाई वर उभ्या राहून म्हणायच्या, "एक स्वारी, फुकाट!"

आणि काम परत दिलं. एकेक करून. आधी झाडू, मग भाकरी, मग अर्धी बादली, मग भरली. खुर्ची पडवीतून माळ्यावर गेली. हे आमच्या घरात साऱ्यांत अवघड होतं आणि ते आत्याबाईंना नाही, मला अवघड गेलं. त्या बादली घेऊन निघाल्या की माझे हात आपोआप पुढे जायचे. मी पदर मुठीत धरून ठेवायची. गावात व्हायचं तेच झालं. "नोकरी लागली, आता सासूला पाणी भरायला लावती." ज्या हळदीकुंकवात मी फुगत होते तिथे मला बघून बोलणं थांबायला लागलं. मी तोंडाची फटकळ, पण त्यावर बोलायचं नाही असं ठरवलं. घरी येऊन मात्र चरफडायची. आत्याबाई म्हणायच्या, "बोलू दे. त्यांना यायचंय का आक्काकडं?"

श्रावणात नणंद आली. दारातच तिला आई दिसली, कमरेवर कळशी घेतलेली. तिने पिशवी टाकली. "वैनी! आईला मोलकरीण केलीस?" पुढची दहा मिनिटं मी जे ऐकलं ते लिहिण्यासारखं नाही. माझंही डोकं फिरलं. मी बिनहाताची खुर्ची आणून तिच्यापुढे आदळली. "बसा. आता हात न लावता उठा. पाच वेळा." नणंद पन्नाशीची, अंगाने भरलेली. रागारागात बसली, पहिल्यांदा उठली, दुसऱ्यांदा उठली, तिसऱ्यांदा "आई गं" म्हणत माझाच हात धरला. मग आत्याबाईंनी कळशी खाली ठेवली, पदर खोचला आणि त्याच खुर्चीवर बसून उठल्या. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. पाचव्याला थोड्या अडकल्या, ओठ दाबले, आणि उठल्या. त्यांना पाचही वेळा उठताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तू खुर्ची आणलीस, हिनं ती काढली," आत्याबाई लेकीला म्हणाल्या. "दोघींचाबी जीव हाय माझ्यावर, ठावं हाय मला. पर आक्काच्या वाटंवर खुर्ची चालत न्हाई." नणंद रडली, मग मीही रडले, मग तिघींनी मिळून पुरणाचा घाट घातला आणि पुरण वाटायला आत्याबाई बसल्या.

दिवाळी झाली. आक्काचा निरोप आला, झोडणी झाली. आत्याबाई घेवड्याचं गाठोडं बांधायला बसल्या. ह्यांनी विचारलं, "आई, गाडी सांगू का वेल्ह्यापर्यंत?" त्यांनी गाठोड्याला आणखी एक गाठ मारली. सारोळ्याला आम्ही दोघी उभ्या राहिलो. मला आधीच बजावलं होतं, "हात लावायचा न्हाई. पडले तर पडू दे." मी हो म्हटलं होतं, आणि मनात ठरवलं होतं की पडल्या तर मीच खाली आडवी होईन.

गाडी आली, थांबली. थांबली तिथे रस्ता खचलेला होता, पायरी मला आमच्या ओट्यापेक्षा दोन विटा उंच वाटली. कंडक्टरने वरून हात पुढे केला, "या आजी, द्या हात."

"हात काढा, दादा," आत्याबाई म्हणाल्या. "म्हागं व्हा जरा."

त्यांनी दांडा धरला. पाय ठेवला. तो पाय पहिल्यांदा तसाच राहिला. मागून कुणीतरी "चला, चला" म्हणालं आणि मी असं वळून पाहिलं की तो माणूस गप्प बसला. आत्याबाई थोड्या पुढे वाकल्या, श्वास घेतला, आणि वर गेल्या. दुसरी पायरी, तिसरी. आत जाऊन खिडकीजवळ बसल्या आणि मला म्हणाल्या, "चढ लवकर, खोळंबा करू नको." मी चढले आणि त्यांच्या शेजारी बसून कापूरहोळ येईपर्यंत पदराने डोळे पुसत होते. पलीकडच्या बाईने विचारलं, "कोण गेलं गं?" आत्याबाईच म्हणाल्या, "कुणी न्हाई. म्या आले."

वेल्ह्याच्या गाडीतून उतरल्यावर चढ लागला. त्या तीनदा थांबल्या, दोनदा दगडावर बसल्या आणि दोन्ही वेळा आपल्या आपण उठल्या. शेवटच्या वळणावर आक्काच्या घराचं छप्पर दिसलं. आक्का अंगणात उखळापाशी उभी होती, त्र्याऐंशीची, हाडकुळी, ताठ. तिने डोळ्यांवर हात धरला आणि नुसती बघत राहिली. आत्याबाई जवळ गेल्या. तशी आक्का एकदम धाकटीच्या दंडावर चापट मारून म्हणाली, "दोन वरसं लावलीस, बया!" आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. पातेलं चुलीवर चढलं. नव्या तांदळाचा वास घरभर झाला. जमिनीवर पाट न घेता बसून आम्ही तो भात खाल्ला, वर नुसतं तूप आणि मीठ. आत्याबाईंनी तीनदा वाढून घेतला. तीन वर्षांत मी त्यांना एवढं जेवताना पाहिलं नव्हतं.

दुपार कलली तशी मी पिशवी उचलली. "चला आत्याबाई, शेवटची गाडी जाईल."

त्या सुपात तांदूळ घेऊन आक्काशेजारी बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू जा. म्या आठ दीस ऱ्हाणार."

"आणि परत?"

"येईन की माझी मी. एसटी हाय."

"न्यायला येऊ का?" मी विचारलं. "आठव्या दिवशी येते मी."

"कशाला? तुला काम न्हाई व्हय?"

वर्षभर ज्यासाठी मी सगळ्या गावाचं बोलणं खाल्लं, ते झालं होतं. त्यांना माझी गरज नव्हती. मला इतका आनंद झाला होता की अंगणाच्या कडेला येऊन मी तशीच उभी राहिले, आणि त्या आनंदात थोडं दुखतही होतं, हेही खरं आहे. जाते म्हणून हाक मारली. आत्याबाईंनी हात हलवला, तोही सूप न ठेवता. बांधावरून उतरताना मी वळून पाहिलं. दोघी बहिणी डोकी जवळ करून तांदळातले खडे वेचत होत्या, आणि माझ्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.